फ्लेक्सवरची मुलगी आणि शुक्रवारचं प्रॅक्टिकल

"ताई, मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय १९. गाव बार्शी तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. दहावीला ९६ टक्के पडले तेव्हा गावच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लागला होता. मागच्या सेमला ओरलमध्ये बाहेरून आलेल्या सरांनी अ‍ॅरे आणि लिंक्ड लिस्टमधला फरक विचारला. मला येत होता. अ‍ॅरे म्हणजे चाळीतल्या सलग खोल्या, पाचवी खोली कुठली ते मोजून लगेच सांगता येतं. लिंक्ड लिस्ट म्हणजे गावभर पांगलेली घरं, प्रत्येक घरात फक्त पुढच्या घराचा पत्ता. पण इंग्रजीत पहिलं वाक्यच जुळेना. सर म्हणाले, 'मराठी मीडियम का?' आणि शेजारच्या सरांकडे बघून हसले. तिथे बॅक लागला, म्हणजे विषय राहिला. घरी सांगितलेलं नाही. आता दर शुक्रवारी प्रॅक्टिकल असतं आणि गुरुवारी रात्रीपासूनच पोट बिघडतं. तीन प्रॅक्टिकल बुडाली, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं. मध्ये एकदा रात्री दोनला छातीत धडधड, हाताला मुंग्या, वाटलं आता मरते. रूममेटने दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, 'काही नाही, टेन्शन घेऊ नका.' त्यानंतर दोनदा तसंच झालं. रोज रात्री नऊला आईचा फोन येतो, तो वाजला तरी धडधडतं. मला वेड लागतंय का? मैत्रीण म्हणते, सायकॅट्रिस्टकडे गेलीस तर पुढे स्थळं यायला अडचण होईल. सगळं सोडून गावी जावंसं वाटतं. नाव छापू नका."

अगं,

वेड लागत नाहीये तुला. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

त्या रात्री हाताला मुंग्या का आल्या, हे खरं तर तिथेच कुणीतरी सांगायला हवं होतं. माणूस घाबरला की श्वास भराभर चालतो. शरीराला वाटतं, पळायचंय किंवा झुंजायचंय. पण तू तर कॉटवर पडलेली. पळणं नाही, झुंजणं नाही, नुसताच श्वास. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते. मग मनात येतं, 'हार्ट अटॅक!' त्या विचाराने श्वास आणखी वाढतो आणि चक्र सुरू होतं. याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपसूक उतरतो. तू दवाखान्यात पोचलीस तोवर बहुधा उतरला होता. ईसीजी नॉर्मल आला तो त्यामुळे नाही, तुझं हृदय ठीक आहे म्हणून आला.

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी कधीकधी खुर्चीत बसवून मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावते. (तू हे खोलीवर एकटीने करू नकोस, दमा किंवा फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी तर मुळीच नको.) मिनिट संपायच्या आत मुलं बोटांकडे बघायला लागतात. "मॅडम, तस्संच होतंय!" ज्याला आपण मरण समजत होतो ते मिनिटभरात खुर्चीत बसून तयार करता येतं, हे एकदा कळलं की त्याची जरब निम्मी कमी होते. पुन्हा तसं झालं तर एकच कर. श्वास आत घेताना मनात चार मोज, सोडताना सहा किंवा आठ. सोडणं लांबवायचं. मोठमोठे श्वास घेऊ नकोस, त्याने उलट मुंग्या वाढतात.

'टेन्शन घेऊ नका' या सल्ल्याबद्दल मी काही लिहीत नाही. टेन्शन कुणी मेसच्या ताटातल्या भाजीसारखं वाढून घेत नाही. मात्र त्या डॉक्टरांकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे एकदा जाऊन थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. थायरॉइड वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते, आणि मेसवर जेमतेम जेवणाऱ्या मुलींमध्ये रक्त कमी निघणं मला नवीन नाही. रात्री जागायला काय घेतेस, हे तू लिहिलेलं नाहीस, पण हॉस्टेलं मी पाहिली आहेत. दहाला घेतलेल्या कॉफीतलं किंवा एनर्जी ड्रिंकमधलं जवळपास निम्मं कॅफीन पहाटे तीनलाही अंगात असतं.

आता शुक्रवार.

पहिल्या शुक्रवारी तू प्रॅक्टिकलला गेली नाहीस, तेव्हा काय झालं ते आठव. 'आज नाही जात' असं ठरवल्यावर अर्ध्या तासात पोट शांत झालं असणार. हायसं वाटलं असणार. सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. ते हायसं वाटणं हे बक्षीस आहे आणि ते न जाण्याला मिळालं. मेंदू हिशेबाला पक्का, त्याने नोंद केली: प्रॅक्टिकल धोक्याचं होतं, गेलो नाही म्हणून वाचलो. दुसऱ्या शुक्रवारी त्याने भोंगा आणखी लवकर वाजवला, गुरुवारी रात्रीच. तू भित्री आहेस म्हणून भीती वाढली असं नाही, टाळलंस म्हणून वाढली. फोनचंही तेच. 'छान चाललंय' म्हणून फोन ठेवलास की सुटका, आणि दुसऱ्या दिवशी नऊची धास्ती जरा जास्त. गावी परत जाणं ही याच साखळीतली सगळ्यात मोठी कडी. गेलीस तर चार दिवस इतकं शांत वाटेल की तुला वाटेल, बरोबर केलं. म्हणून आत्ता, या अवस्थेत, तो निर्णय घेऊ नकोस. कॉलेज आयुष्यात कधीच सोडू नये असं माझं म्हणणं नाही. नावडत्या शाखेतून बाहेर पडून सुखी झालेली मुलं मी पाहिली आहेत. पण लिंक्ड लिस्ट गावातल्या घरांवरून समजावणारी मुलगी नावडत्या शाखेत आहे असं मला वाटत नाही. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, आणि तुझ्या दोन ओळींत मला ती कळली.

त्या सरांच्या हसण्याकडे येऊ. तुझ्या पत्रात ते एका वाक्यात आहे, पण बाकीचं पत्र त्या वाक्याभोवतीच फिरतंय.

भीतीचा त्रास घेऊन येणाऱ्या मुलाला आम्ही लोक लगेच सांगतो, विचार बदल. सांगावंही. पण प्रत्येक गोष्ट तुझ्या विचारातली नसते. एका परीक्षकाने भाषेवरून तुला हसणं ही घडलेली गोष्ट आहे, आणि चूक त्यांची आहे. दहा-बारा वर्षं ज्या भाषेत भूमिती शिकलीस, भांडलीस, स्वप्नं पाहिलीस, ती भाषा अकरावीच्या एका जूनमध्ये वर्गाबाहेर ठेवायला सांगितली गेली आणि मधला पूल कुणी बांधून दिला नाही. तू अडलीस ती भाषांतरावर. विषयावर अडली नाहीस. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि गुणपत्रिकेत त्या एकच दिसतात.

ओरलला माझंही एकदा असंच पानिपत झालं होतं, म्हणून हे जरा जोरात लिहितेय. एम.ए.ची तोंडी परीक्षा, मी साताऱ्याकडची, समोर तिघं. एकाने माझा 'ळ' ऐकून भुवई उंचावली एवढंच, पण पुढची पाच मिनिटं मी माझाच आवाज ऐकत बसले. प्रश्न काय होता ते आजही आठवत नाही, भुवई आठवते.

आणि नेमकं तेच नुकसान करतं. लीबर्ट आणि मॉरिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे केले. एक अंगातला: धडधड, घाम, पोट. दुसरा डोक्यातला: 'आता फजिती होणार, हे काय म्हणतील, मी इथली नाहीच.' गुणांवर जास्त घाव घालतो तो दुसरा भाग. धडधडत्या छातीने माणूस नीट उत्तर देऊ शकतो. कबड्डीचा खेळाडू चढाईला जातो तो काय शांत नाडीने? पण डोक्यात समालोचन चालू असेल तर उत्तराला जागाच उरत नाही. तेव्हा 'धडधड थांबली की बोलेन' हे सोड. धडधडू दे. तू वाक्य उचल.

पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेव आणि पाठ कर, पाढ्यासारखं. प्रश्न कुठलाही असो, सुरुवात तीच: "सर, आय विल एक्सप्लेन विथ अ‍ॅन एक्झाम्पल." एवढं इंग्रजी पुरे. मग चाळीच्या खोल्या काढ. मध्ये शब्द अडला तर मराठी शब्द टाक आणि पुढे जा, थांबू नकोस. रूममेट तुला रात्री दोनला दवाखान्यात घेऊन गेली, ती दहा मिनिटं परीक्षक होऊन बसायला नाही म्हणणार नाही. तिला सांग, मध्येच हसायचं. खरंच. पहिल्यांदा तू गप्प होशील, चौथ्यांदा तुला तिच्या हसण्याचंच हसू येईल.

हे मी मनाचं सांगत नाही. अल्बर्ट एलिस नावाचा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर मराठीत बरंच लिहिलं-बोललं जातं. तो तुझ्याच वयाचा, १९ वर्षांचा असताना बायकांशी बोलायला कमालीचा घाबरायचा. त्याने स्वतःला काम लावून घेतलं: न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. त्याच्याच सांगण्यानुसार १३० जणी भेटल्या, ३० लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आली नाही. (आज एखादा मुलगा बागेत असं करायला लागला तर मीच त्याला रागावेन, तो भाग सोड.) हिशेबाने बघितलं तर सपशेल नापास. पण त्याची भीती गेली, कारण कुणी चप्पल काढली नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही, आभाळ कोसळलं नाही.

पुढे एलिसने जे मांडलं ते मराठीत एका अक्षरात सांगता येतं: 'च'. 'मला पास व्हायचंय' यात भीती नाही, उलट जोर आहे. 'मला पास व्हायलाच हवं' म्हटलं की श्वास वाढतो. 'सरांनी मला मान द्यायलाच हवा', 'पप्पांची मान खाली जाताच कामा नये'. तुझे शुक्रवारचे विचार एकदा कागदावर उतरव आणि लाल पेनने सगळ्या 'च'ना गोल कर. मग तीच वाक्यं 'च' काढून मोठ्याने वाच. पोरखेळ वाटेल. करून बघ.

आणि आता तुझा फ्लेक्स. तू तो एका वाक्यात उरकलास, मला मात्र तो फार वेळ डोळ्यापुढे दिसत राहिला. वर सरपंच, खाली शुभेच्छुकांची रांग, मध्ये तू, फोटो-स्टुडिओतला निळा पडदा मागे घेऊन. तू पुण्याला आलीस पण फ्लेक्सवरची ती मुलगी गावातच राहिली. तिला ९६ टक्के आहेत, तिला बॅक लागत नाही, ती अडखळत नाही. तुझी खरी स्पर्धा वर्गातल्या मुलांशी नाहीच, तिच्याशी आहे. ती जिंकणारच, कारण तिला प्रॅक्टिकलला जावं लागत नाही.

पॉलीन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स या दोघींनी १९७८ मध्ये दीडशेहून जास्त कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवावरून लिहिलं होतं की यश मिळूनही यांना आतून वाटत राहतं, आपण तोतया आहोत, एक दिवस पकडले जाणार. तुझ्यात ते आहे. पण मला त्या कल्पनेत एक खोट दिसते. जिला 'तू इथली नाहीस' असं हसून दाखवलं जातं, तिला आपण इथले नाही असं वाटलं, तर तो आजार तिचा कसा? वर्गातल्या ज्या मुलांचे आई-बाप इंजिनिअर आहेत, त्यांना ओरल म्हणजे रात्रीच्या जेवणाच्या टेबलावरचं बोलणं वाटतं. तुझ्या घरात ही भाषा आणणारी तू पहिली. पहिलीला वेळ लागतो, तेवढंच.

पैशाचं तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. तेही मला बोलकं वाटलं. २०२४-२५ पासून आपल्याकडे आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मागास, इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी शासन भरतं, तू त्यात बसत असशीलही. पण खोली आणि मेस माफ होत नाही. तो पैसा सोयाबीनमधून येतो की कुणाकडून उसना, हे तुला माहीत असणार आणि बुडालेल्या प्रत्येक प्रॅक्टिकलला तू त्याचा भाव लावत असणार. शिवाय मागे टांगलेलं ते वाक्य: 'नाही जमलं तर स्थळं बघू.' कुणी बोललं नसलं तरी मुलींना ते ऐकू येतं. मुलगा नापास झाला की एक वर्ष जातं, मुलगी नापास झाली की परवानगी जाते. ही भीती तुझ्या मनाचा खेळ नाही, तिला जमिनीवर पाय आहेत. म्हणूनच घरी सांगताना जरा बेताने सांगायला हवं.

फोनवर सांगायचं तर नऊच्या फोनवर सांगू नकोस. त्या वेळी पप्पा शेजारी असतात, टीव्ही चालू असतो. दुपारी आईला एकटीला लाव. आणि सुरुवात बॅकपासून करू नकोस, तब्येतीपासून कर: "आई, मध्ये मला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं होतं. आता बरी आहे. तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून बोलले नाही. एका विषयात अडकलेय, तो पुढच्या परीक्षेत सुटेल. तू फक्त ऐक, पप्पांना मी स्वतः सांगेन." ती रडेल कदाचित. रडू दे. लेक रोज 'छान' म्हणते आणि आवाज तसा नसतो, हे आईला केव्हाच कळलेलं असतं. तिने विचारलं नाही, कारण तीही टाळत होती.

कॉलेजात तुझे जीएफएम, म्हणजे तुमच्या गटाचे पालक-शिक्षक, सर किंवा मॅडम कोण आहेत, त्यांना गाठ. दवाखान्याचा कागद सोबत ने, डिफॉल्टर लिस्टचं काय करता येईल ते विचार. बहुतेकदा जास्तीची प्रॅक्टिकल लावून मार्ग निघतो, फक्त विचारायला जाणारा हवा. आणि समुपदेशक कुठे बसतात तेही विचार. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असायला हवा. 'आमच्याकडे नाहीत' असं उत्तर आलं तर निदान हे वाक्य तुझ्याकडे असू दे.

मैत्रिणीच्या शंकेचं. तू १९ वर्षांची, सज्ञान आहेस. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे तुझ्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा तुला हक्क आहे. डॉक्टर गावात दवंडी पिटत नाहीत. आणि सायकॅट्रिस्टकडे गेलं म्हणजे जन्माची गोळी लागली असंही नसतं. तुझ्यासारख्या त्रासात अनेकदा काही आठवड्यांची बोलण्याची उपचारपद्धती पुरते. गोळी दिलीच तर ती लागू पडायला दोन ते चार आठवडे जातात, म्हणून तिसऱ्या दिवशी 'फरक नाही' म्हणून फेकायची नाही आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करायची नाही. लगेच जाणं होत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तिथे कुणी माध्यम विचारत नाही.

एक प्रश्न मला तुला तोंडावर विचारायचाय, कारण पत्रात 'सगळं सोडून' असे शब्द आहेत. त्याचा अर्थ फक्त कॉलेज सोडून असाच आहे ना? कधी जगणंच नको असं वाटत असेल, तर हे पत्र बाजूला ठेव, रूममेटला उठव आणि तिच्यासमोर तो क्रमांक लाव. रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

नाहीतर मग शुक्रवार. पूर्ण प्रॅक्टिकल करायचं असं ठरवू नकोस. लॅबच्या दारापर्यंत जा, हजेरीला 'प्रेझेंट' म्हण, वीस मिनिटं बस. पोट दुखेल, दुखू दे, पोट दुखत असतानाच बसायचंय. वीस मिनिटांनी अगदीच असह्य झालं तर सांगून बाहेर ये, पाणी पी आणि परत आत जा. पळून खोलीवर येऊ नकोस एवढंच. पुढच्या शुक्रवारी चाळीस. त्याच्या पुढच्या शुक्रवारी एक प्रश्न विचार, मराठीत विचारलास तरी चालेल.

आणि मला परत लिही. ओरल कसं गेलं, किती मार्क पडले, ते नको. शुक्रवारी किती मिनिटं बसलीस, तेवढा आकडा कळव.

तुझी,
ताई